देखणा ठिपका

साहेबांनी त्या दिवशी पांढरे बूट घातले होते. जायचं शेतात, दाखवायची जिवाणूंची करामत, आणि पायात पांढरेशुभ्र बूट. पण साहेबांना सांगणार कोण? ते गाडीतून उतरले, जमलेल्या शेतकऱ्यांकडे बघून हसले, बांधावर चढले, समोर नजर टाकली आणि ते हसू तोंडावर तसंच वाळून गेलं. त्यांच्यामागे ताई उभी होती. आपण आत्ताच्या आत्ता इथून नाहीसं व्हावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

समोर तिच्या धाकट्या भावाचं रान होतं. त्यात गहू पेरलाय, हे सांगावं लागत होतं. डोळ्यांना दिसत होतं ते तण. रुंद पानांचं, लुसलुशीत, गव्हाच्या डोक्यावर मिरे वाटत उभं राहिलेलं. गहूही काही वाईट नव्हता बिचारा, चांगला हिरवागार होता, पण त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. बांधावर संस्थेने पाटी लावली होती, 'या शेतात तणनाशक वापरलेले नाही.' पाटी नसती तरी ते आंधळ्यालाही कळलं असतं.

"मॅडम," एक म्हातारा शेतकरी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "या तणाचं बी कुठे मिळेल? आमच्या गुरांची सोय होईल."

सगळे पोट धरून हसले. धाकटा तेवढा हसला नाही. तो पाटीशेजारी हाताची घडी घालून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी बोलणी खाताना व्हायचे तसेच.

ताई त्या संस्थेच्या प्रयोगशाळेची प्रमुख. तिथे एक काळी पावडर तयार व्हायची. पेरणीआधी ती बियाण्याला चोळायची. मग म्हणे तिच्यातले जिवाणू पिकाच्या मुळांपाशी बिऱ्हाड थाटतात, पिकाला पोसतात आणि शेजारी उगवलेल्या तणाची मुळं जागच्या जागी खुंटवतात. फवारणी नको, खुरपणी नको. हे जिवाणू ताईनेच शोधलेले. त्यांच्या जोरावर संस्था उभी होती, साहेबांची गाडी उभी होती, आणि आज त्यांच्याच जोरावर ताई या बांधावर शोभा करून घेत उभी होती.

तिचं डोकं काही चालेना. काय चुकलं असेल? पावडर तिच्या देखरेखीखाली झालेली, बियाण्याला तिने स्वतः उभं राहून चोळायला लावलेली. मग एकच गोष्ट उरत होती.

"पाकिटं घरी आल्यावर ठेवली कुठे होतीत?" तिने विचारलं.

धाकट्याने बायकोकडे बघितलं. बायकोला घरात सगळे चिमणी म्हणत, कारण अंगाने एवढीशी आणि तोंडाने अखंड चिवचिव.

"स्वयंपाकघरात," चिमणी म्हणाली. "शेगडीच्या वर फळी आहे ना, तिच्यावर. पाकिटावर लिहिलं होतं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. आता आपल्या घरात, ताई, जी जागा थंड ती ओली आणि जी कोरडी ती गरम. दोन्ही एकदम कुठून आणू? म्हटलं, बुरशी लागण्यापेक्षा कोरडं बरं. शिवाय उंदरांचा हात पोचत नाही तिथे. रोज वर मान करून बघत होते मी, तुमची पोरं नीट आहेत ना म्हणून."

ती आणखी बरंच बोलली असती. पण ताईच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि तो उतरलेला तिच्या तोंडावर दिसत होता.

"शेगडीवर?" ताई म्हणाली. "अगं, जिवंत असतात ते. उष्णतेने मरतात. पेरायच्या आधीच सगळे मेले असणार."

साहेबांच्या जिवात जीव आला. ते वळले आणि आवाज चढवून म्हणाले, "ऐकलंत ना सगळ्यांनी? पावडरीत दोष नाही. आता कुणी ती शेगडीवर भाजून काढली, तर पावडर काय करणार?"

"मीठ-मसाला तरी घातला होतास का, सूनबाई?" म्हाताऱ्याने विचारलं.

पुन्हा हशा पिकला, आणि या खेपेला तो ताईवर नव्हता. चिमणीही सवयीने हसली. मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. तो तिच्याकडे बघत होता, आणि तिचं हसू गेलं. ताईने हे पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं, कारण साहेब तिला गाडीकडे बोलावत होते.

आता त्या घराला या पावडरीची एवढी का पडली होती, ते ऐका. चिमणीची छाती नाजूक. धाकटा दरवर्षी रानात तणनाशकाचं औषध मारायचा, ती पाणी भरून द्यायची, पंप धुवायची, त्याचे कपडे धुवायची. एका हंगामात तिला असा दम लागला की ओठ निळे पडले. डॉक्टरांनी धाकट्याला बाहेर घेऊन सांगितलं, यापुढे बाईंनी औषधाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, पुन्हा झालं तर मी जबाबदार नाही. सांगायला काय जातं? घर रानाच्या मधोमध. वारा काय दार वाजवून येतो? धाकट्याला रान सुटत नव्हतं आणि बायकोवर तर त्याचा जीव. महिनाभर तो नीट जेवला नव्हता. तेव्हा ताई आली आणि म्हणाली, "फवारणी बंद कर. माझी पावडर वापर. शब्द देते तुला."

ताईने शब्द दिला म्हटल्यावर धाकट्याने दुसरा विचार केला नाही. लहानपणापासून त्याचं एकच होतं, ताई म्हणते ना, मग झालं. गावातले शहाणे नाकं मुरडत होते, तू ताईच्या नादाने रान घालवशील म्हणत होते. तो त्यांना ताईच्या शोधाची गोष्ट सांगायचा. विद्यार्थिनी असताना तिला एका पडीक जागी आपोआप उगवलेला गहू दिसला. त्याच्या भोवती हातभर जागा स्वच्छ, आणि जे तण उगवलं होतं त्याची मुळं आखूड, जाड, वेडीवाकडी. तिने ती मुळं जेवणाच्या डब्यात घालून नेली आणि त्यांच्यावरून हे जिवाणू काढले. ही गोष्ट धाकटा इतक्या वेळा सांगायचा, की चिमणीला ती पाठ झाली होती. डबा कोणत्या रंगाचा होता तेही ती सांगायची.

बांधावरच्या त्या दिवशी निघताना चिमणीने उरलेलं एक पाकीट ताईच्या हातात दिलं होतं. "तपासून बघा," ती म्हणाली होती. "म्हणजे किती मेले ते कळेल." आवाज एवढासा झाला होता.

ताईने प्रयोगशाळेत आल्या आल्या ते पाकीट फोडलं. तिला मेल्याचा पुरावा हवा होता. संस्थेच्या कागदपत्रांसाठी हवा होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही. तिने चिमूटभर पावडर पाण्यात कालवली, ते पाणी खाद्य घातलेल्या काचेच्या बशीवर पसरलं आणि बशी उबेला ठेवली. असे जिवाणू पसरले की जिथे एक पडेल तिथे त्याची पिल्लावळ वाढून एक ठिपका उगवतो. काही उगवणार नाही, अशी तिची खात्री होती. दुसऱ्या दिवशी तिने झाकण उघडलं, तर बशी ठिपक्यांनी गच्च भरलेली. गोल, चकचकीत, साईच्या रंगाचे ठिपके. शेगडीवर भाजलेली पोरं टुणटुणीत होती.

ताईला एकदम आठवलं, त्या दिवशी धाकट्याच्या पलीकडे एका आळशाचं रान होतं. त्याने ना औषध मारलं होतं, ना खुरपं लावलं होतं. त्याच्याकडेही तण होतं, पण गुडघ्याएवढं. धाकट्याकडे कमरेएवढं. जिवाणू मेले असते तर दोन्हीकडे सारखंच नसतं का उगवलं? हे तिला बांधावर उभं असताना दिसलं होतं. दिसलं होतं, पण तेव्हा तिला दुसरंच काही बघायचं होतं.

तिने तणाचं बी मागवलं. ओल्या कागदावर ते मांडलं, काही बशांत नुसतं पाणी घातलं, काहींत पाकिटातले जिवाणू. पाण्यातल्या बियांना बेताची मुळं फुटली. जिवाणूंतल्या बियांची मुळं लांबसडक, पांढरी, केसाळ. हे जिवाणू गव्हाला पोसत होते आणि तणालाही तेवढ्याच मायेने पोसत होते. समोर येईल त्याला पोटभर वाढत होते.

हे कसं झालं असेल, ते समजायला तिला फार वेळ लागला नाही. तिच्या कामाची रीतच तिला माहीत होती ना. जिवाणू नळीत जपायचे म्हणजे अधूनमधून नव्या खाद्यावर न्यावे लागतात, नाहीतर उपासमारीने मरतात. तेव्हा त्यांना बशीवर पसरायचं, ठिपके उगवले की त्यातला एक निवडायचा, आणि त्या एका ठिपक्यापासून पुढची सगळी पैदास. कोणता निवडायचा? जो गोल आहे, चकचकीत आहे, कडा स्वच्छ आहेत आणि जो इतरांना न चिकटता एकटा उभा आहे, तो. तिच्या सरांनी तिला हेच शिकवलं होतं आणि तिने हाताखालच्यांना हेच शिकवलं. "भाजी निवडता ना, तसं," ती म्हणायची. "किडकं-सुरकुतलं बाजूला काढा." तिच्या नजरेचा प्रयोगशाळेत दबदबा होता. ताईंनी निवडलेला ठिपका म्हणजे डोळे मिटून घ्यावा.

आणि बशीत दरवेळी दुसरेही ठिपके असायचे. बारके, चुरगळलेले, मळकट पिवळे, कडा फाटलेल्या. सुरुवातीला खूप होते. ताईला ते आजारी वाटायचे, नाहीतर बाहेरून घुसलेली घाण. ती त्यांना हात लावायची नाही. हळूहळू ते कमी झाले, मग दिसेनासेच झाले, आणि आपलं काम किती स्वच्छ आहे म्हणून ती खूश झाली.

तिने फ्रीजरच्या तळाशी हात घातला आणि अगदी सुरुवातीच्या काळात गोठवलेली एक नळी काढली. गोठलेल्या जिवाणूंना ना भूक लागते, ना ते बदलतात. तिच्यातले जिवाणू बशीवर पसरले. उगवले ते बहुतेक सगळे चुरगळलेले, मळकट. त्यांच्यात कुठेकुठे एखादा देखणा. तिने दोन्ही वेगळे करून तणाच्या बियांवर घातले. मळकट जिवाणूंच्या बशीत तणाचं मूळ फुटून जागीच थिजलं, आखूड आणि जाड, तिने डब्यात घालून आणलं होतं तसं. देखण्यांच्या बशीत ते तरारून वाढलं.

म्हणजे काम करणारे ते होते. तणाला रोखणारं द्रव्य बनवताना त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून ते तसे किरटे दिसायचे. ज्यांनी ते काम सोडून दिलं ते आयतं खाऊन गोल झाले, आणि ताईने वर्षानुवर्षं त्यांचीच पाठ थोपटली. बाहेरून कुणी घुसलं नव्हतं, कुणी काही भाजलं नव्हतं. तिने तिच्या नावाजलेल्या हाताने, एकेक करून, कामाचे सगळे फेकून दिले होते.

तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने त्या देखण्या ठिपक्यांची बशी उचलून कचऱ्याच्या डब्यात भिरकावली. मग तिला चिमणीचा चेहरा आठवला आणि ती उठून साहेबांकडे गेली.

"ते मेले नव्हते, साहेब," ती म्हणाली.

"कोण?"

तिने सगळं सांगितलं. साहेब शांतपणे ऐकत होते, मधूनच पेनाचं टोपण काढत आणि लावत होते.

"थोडक्यात," ते म्हणाले, "आपण लोकांना तणाचं टॉनिक विकतोय."

"हो."

"हे अजून कुणाला बोललात?"

"नाही."

"शहाण्या आहात." त्यांनी टोपण लावलं. "आता नीट ऐका. तुमचे ते जुने, सुरकुतलेले, त्यांना वाढवायचं, पुन्हा तपासायचं, पुन्हा परवानगी काढायची. किती काळ जाईल? आणि तोवर गोदामात पडलेल्या मालाचं काय करू? माळ करून गळ्यात घालू? इथे पन्नास घरं या पावडरीवर जेवतात, ताई. त्यात तुमचंही एक."

"पण माझ्या भावजयीवर खापर फुटलंय. माझ्या तोंडून फुटलंय."

"उष्णतेने जिवाणू मरतात, हे खोटं आहे का?"

"नाही."

"शेगडीवर ठेवणं योग्य आहे का?"

"नाही, पण..."

"मग खोटं कोण बोललं? आपण फक्त पाकिटावर एक ठळक इशारा छापू. कुणाचं नाव नाही, गाव नाही. लोकांचं भलंच होईल. आणि तुम्ही गुपचूप तुमचे जुने तयार करायला लागा. पुढच्या हंगामात तेच भरू. सगळं सुरळीत."

ताईने मान हलवली. आता तिला कुणी म्हणेल, मान कशी हलली? हलली खरी. तिने मनाशी एक हिशेब मांडला होता. जुने जिवाणू तयार झाले की ते घेऊनच भावाकडे जायचं. नुसती चूक घेऊन जाण्यापेक्षा चुकीबरोबर उपायही हातात असला तर बोलणं सोपं जाईल. हिशेब दिसायला गोल आणि स्वच्छ होता. असले तिला निवडता यायचेच.

धाकट्याचे फोन यायचे. तो जास्त बोलायचा नाही.

"ती रोज उजाडताच खुरपं घेऊन रानात जाते," तो एकदा म्हणाला. "एकटी. मजूर लावतो म्हटलं, तर म्हणते, घाण मी केली, मीच निस्तरते."

ताईच्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर आलं होतं. "तिला सांग, एवढं मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली.

"सांगितलं. बोलतच नाही ती हल्ली."

"तू बोलतोस ना तिच्याशी?"

"काय बोलू, ताई? दुकानात गेलो तरी लोक विचारतात, शेगडीवाली कशी आहे. तिला तेच नाव पडलंय. मला रागही येतो आणि मग रागाचाही राग येतो. एवढीशी गोष्ट होती गं. एक पाकीट नीट ठेवायचं."

"मी येते लवकरच," ताई म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा आपल्या बशांकडे वळली. जुने जिवाणू हळूहळू वाढत होते. त्यांना घाई करून चालत नव्हतं.

मग एका दुपारी धाकट्याचा फोन आला, आणि या वेळी तो धड बोलूच शकत नव्हता. तो बाजाराला गेला होता. खुरपून खुरपून तण सरेना, कंबर मोडली, तेव्हा चिमणीने अडगळीतला जुना पंप काढला. औषधाची जुनी बाटलीही तिथेच होती, गव्हाला न लागता रुंद पानाचं तण जाळणारं औषध. तोंडाला ओलं फडकं बांधून तिने अर्धं रान फवारलं. तो परतला तेव्हा ती बांधावर त्या पाटीला टेकून बसली होती, डोळे उघडे, आणि छातीतून भात्यासारखा आवाज. दवाखान्यात डॉक्टर त्याला म्हणाले, जीव वाचेल, पण छाती आता पूर्वीसारखी होणार नाही.

ताई पोचली तोवर चिमणीला घरी आणलं होतं. खिडकीपाशी पलंग, पलंगाजवळ एक घरघरणारं यंत्र आणि त्याची नळी चिमणीच्या नाकाशी. ती आधीच एवढीशी, आता तर पांघरुणात शोधावी लागत होती. धाकटा उशाशी बसला होता. ताईने आपली पिशवी पलंगाच्या पायाशी ठेवली. पिशवीत नवी पावडर होती, जुन्या जिवाणूंची. गाडीत बसल्या बसल्या तिने ठरवलं होतं, आधी हे दाखवायचं की आधी ते सांगायचं. आता समोर बसल्यावर पिशवीकडे बघायचीही तिला लाज वाटली.

"चिमणे," ती म्हणाली, "तुझी चूक नव्हती."

आणि मग तिने सगळं सांगितलं. देखणे ठिपके, मळकट ठिपके, कोणते निवडले, कोणते टाकले. कुठेही स्वतःला सोडवून घेतलं नाही. सांगताना ती रडत होती आणि नाक पुसायचंही तिला भान नव्हतं.

धाकटा ऐकून घेत होता. तिचं संपल्यावर तो मायेने म्हणाला, "पुरे, ताई. तिला बरं वाटावं म्हणून बोलतेस, कळतं मला. पण हे असलं नको."

"मी खरं सांगतेय."

"तुझं निवडणं चुकेल? तुझं? आई धान्य निवडायला तुझ्यापुढेच टाकायची. माझ्या हातून खडा राहायचा, तुझ्या हातून कधी राहिला नाही." तो ओढूनताणून हसला. "झालं गेलं. तू स्वतःवर ओढवून घेऊ नकोस."

त्याने तिच्यावर ठेवलेला तो विश्वास ताईला सहन होईना. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पुन्हा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात चिमणीने हात हलवला. ती बोलायला लागली. दोन शब्द, मग श्वास, मग पुन्हा दोन शब्द.

"तुम्हाला हे... कळलं कधी?"

ताईने खाली बघितलं. "बरेच दिवस झाले."

"मी खुरपत होते... तेव्हा?"

"हो."

"मी पंप काढला... त्याच्या आधी?"

"हो."

यंत्र घरघरत होतं. धाकट्याच्या चेहऱ्यावरचं ते मायेचं हसू गेलं. असलं खोटं कुणी स्वतःविरुद्ध बोलत नाही, हे त्यालाही कळत होतं. तो ताईकडे बघत राहिला, अनोळखी माणूस घरात शिरल्यावर बघावं तसं.

"मी सगळ्यांना सांगेन," ताई घाईघाईने म्हणाली. "पुन्हा त्यांना बांधावर बोलावेन, साहेबांसमोर सांगेन. नोकरी गेली तर गेली. जसं तेव्हा सगळ्यांसमोर बोलले, तसंच..."

चिमणीने खिडकीच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं. तिथे नव्या छपाईचं एक पाकीट पडलं होतं. गावातल्या दुकानात माल आला होता, आणि शेजारच्या कुणीतरी हसत हसत आणून दिलं होतं. धाकट्याने ते उचलून ताईच्या हातात दिलं.

मागच्या बाजूला लाल चौकटीत ठळक अक्षरांत इशारा होता, आणि खाली चित्र. एक शेगडी, वर फळी, फळीवर पाकीट ठेवणारी एक बाई. अंगाने बारकी. तोंड उघडं, बोलता बोलता ठेवत असावी तसं. आणि सगळ्यावर ही एवढी लाल फुली. चित्रकाराने चिमणीला जन्मात पाहिलं नव्हतं. साहेबांनी त्याला काय सांगितलं असेल ते साहेबच जाणोत.

"बाप्या काढला असता... तरी चाललं असतं," चिमणी म्हणाली.

धाकट्याने ते चित्र आत्ताच नीट पाहिलं. "हे छापायच्या आधी तुला दाखवलं होतं?" त्याने विचारलं.

दाखवलं होतं. नमुना टेबलावर आला तेव्हा ताई जुन्या जिवाणूंच्या बशा मोजत होती. तिने त्यावर नजर टाकली होती, मजकुरातलं तापमान बरोबर आहे का ते तपासलं होतं आणि ठीक आहे म्हणून परत पाठवलं होतं.

"हो," ताई म्हणाली.

"तुला सगळं कळल्यावर?"

"हो."

चिमणीने डोळे मिटले. तिला राग आला होता की ती नुसती दमली होती, ते ताईला कळेना. थोड्या वेळाने ती डोळे न उघडताच म्हणाली, "बांधावर वीस माणसं येतील. हे... घराघरांत जाईल."

धाकटा उठला. त्याने पलंगाच्या पायाशी ठेवलेली ताईची पिशवी उचलली, आत काय आहे ते न बघता, आणि दाराबाहेर पायरीवर नेऊन ठेवली. परत येऊन तो बायकोच्या उशाशी बसला आणि तिच्या नाकाशी वाकडी झालेली नळी सरळ करू लागला. ताई उठून बाहेर जाईपर्यंत त्या दोघांपैकी कुणीही तिच्याकडे बघितलं नाही.